चार इंची डब्ल्यूएचएस ट्रॉवेल: चार हंगाम वापरल्यावर

इंग्लंडमध्ये पहिल्यांदा उत्खननाला गेले तेव्हा हार्डवेअरच्या दुकानातून मिळाली ती स्वस्तातली ट्रॉवेल (माती खरवडायची, गवंड्याच्या थापीसारखी छोटी थापी) उचलली होती. तिसऱ्याच दिवशी पातं आणि दांडी यांच्यातलं वेल्डिंग तुटलं. आमच्या पर्यवेक्षक बाईंनी काही न बोलता स्वतःची जुनी डब्ल्यूएचएस ब्रँडची ट्रॉवेल माझ्या हातात ठेवली. आठवड्याभरात मी माझी घेतली.

हिचं पातं आणि त्यातून निघणारी दांडी एकाच पोलादी तुकड्यातून ठोकून घडवलेली असते. जोडच नाही, तर तुटणार काय! शिवाय पातं ताठ आणि फक्त चार इंची, त्यामुळे मनगटाचा जोर थेट कडेपर्यंत पोचतो. अमेरिकेत पाच इंची जास्त चालते. मी वापरून पाहिली, पण दुपारपर्यंत माझं मनगट भरून आलं.

आमची जागा म्हणजे पांढऱ्या खडूच्या खडकावरची रोमनकालीन शेतवस्ती. तिथे मोझेकची फरशी वगैरे नसते. असतात ते वावराभोवतीचे चर, लाकडी खांबांचे खड्डे, धान्य वाळवायची टी आकाराची भट्टी. खांब कुजून जातो, मागे उरते ती जराशी काळसर, मऊ माती. ती डोळ्यांआधी हाताला कळते: खडूवर पातं खर्र वाजतं आणि खड्ड्यात भरलेल्या या मऊ मातीत शिरलं की आवाज एकदम बसतो. टोकाने उकरू नका, कडेने स्वतःकडे ओढत, मागे सरकत खरवडा. असंच खरवडताना राखाडी खापरांच्या ढिगात नखाएवढा लाल, चकचकीत तुकडा निघाला. सेमियन, म्हणजे रोमन काळातली लाल, चकचकीत जेवणाची भांडी! गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, घडलेलं भांडं या साध्या शेतकऱ्याच्या घरी आलं होतं.

भट्टीच्या धुराड्यातल्या राखेत मात्र ट्रॉवेल बाजूला ठेवा. तिथे स्पेल्ट या जुन्या जातीच्या गव्हाचे जळून काळे झालेले दाणे असतात, पात्याखाली लगेच चुरा होतो. ती माती सगळी पिशवीत भरून पाण्यात घालून दाणे तरंगवून वेगळे करायला पाठवायची.

टोक धारदार असतं, मागच्या खिशात खोचू नका, कातडी म्यान घ्या.

बाईंची ट्रॉवेल झिजून तीन इंचांच्या आत आली आहे. अरुंद खड्ड्याचा तळ साफ करायचा असला की अजूनही आम्ही तीच मागून घेतो.