शून्य तास चाललेली हार्ड डिस्क

माझ्या संगणकातली चार टेराबाइटची हार्ड डिस्क कुरकुरू लागली, म्हणजे अक्षरशः कुरकुरू लागली. एखादे छायाचित्र उघडायला गेले की आतून टिक्-टिक् आवाज यायचा आणि पडदा काही सेकंद गोठून राहायचा. अनेक वर्षांची घरगुती छायाचित्रे, जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरवून घेतलेले चित्रण आणि गाण्यांचा संग्रह, असे सगळे तीवरच होते. एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क घ्यावी की पुन्हा हार्ड डिस्कच घ्यावी, यावर मी फार डोके चालवले नाही, कारण एकदा साठवायच्या आणि अधूनमधून पाहायच्या फायलींना वेगापेक्षा जागा लागते आणि तेवढ्याच पैशांत हार्ड डिस्क कितीतरी अधिक जागा देते. आठ टेराबाइटची, डेटा सेंटरमध्ये वापरली जाते त्या प्रकारची एक डिस्क मी ऑनलाइन निवडली. जाहिरातीत ‘नवीन, सीलबंद’ असे लिहिलेले होते. किंमत इतरांपेक्षा थोडीशीच कमी होती. ती फारच कमी असती तर मी सावध तरी झालो असतो.

मी ती डोळे मिटून घेतली असे मात्र नाही. डिस्क घरी आल्यावर जोडली आणि सर्वांत आधी डिस्कची प्रकृती दाखवणारे क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर उघडून तिच्या ‘स्मार्ट’ नोंदी पाहिल्या. डिस्क किती तास चालली, किती वेळा चालू-बंद झाली, किती सेक्टर (माहिती साठवायचे छोटे कप्पे) निकामी होऊन बदलले गेले, याचा हिशेब डिस्क स्वतःच ठेवत असते आणि तोच या नोंदींत दिसतो. चाललेले तास शून्य, बदललेले सेक्टर शून्य. क्षमता 7.27 दिसत होती, पण तीही बरोबरच होती, कारण कंपनीचा टेराबाइट एक लाख कोटी बाइटचा असतो आणि संगणक तो 1024च्या पटीत मोजतो. पाच मिनिटांत माझे समाधान झाले आणि मी फायली उतरवायला लावून झोपी गेलो.

ग्राहक नेमके हेच पाहणार, हे विक्रेत्याला माझ्याआधी ठाऊक होते. ‘स्मार्ट’चे आकडे डिस्कच्या आतच साठवलेले असतात आणि ज्याच्याकडे त्यासाठीची साधने आहेत तो ते पुन्हा शून्यावर आणू शकतो. वरचे लेबल नव्याने छापणे तर त्याहून सोपे. ज्या दोन गोष्टी त्याला लपवता आल्या नव्हत्या त्या माझ्या हातातच होत्या: स्क्रूच्या भोकांभोवती पुसट गोल ओरखडे उमटले होते आणि केबल जोडायच्या सोनेरी पट्ट्यांवर घासल्याच्या बारीक रेषा होत्या. त्या मला दिसल्या होत्या, हे लिहिताना लाज वाटते. कारखान्यात तपासणी करताना झाल्या असतील, अशी समजूत मीच काढली होती, शून्याचा आकडा समोर होता ना!

महिन्याभरात जुनी डिस्क पूर्ण बंद पडली. नवी डिस्क हाताशी असल्याने मला त्याचे काही वाटले नाही. सगळ्या संग्रहाची आता एकच प्रत उरली आहे, हे लक्षातच आले नाही. चौथ्या महिन्यात एक छायाचित्र उघडले, तर वरचा अर्धा भाग व्यवस्थित आणि खाली सपाट राखाडी पट्टा. मग चित्रफिती एकाच जागी अडकू लागल्या. वाचता न आल्याने प्रलंबित ठेवलेल्या सेक्टरांचा, म्हणजे 197 क्रमांकाच्या नोंदीतला आकडा आधी 8, मग 24 आणि आठवड्याभरात 304 झाला.

संगणक दुरुस्तीतल्या एका जाणकार परिचितांनी तेव्हा मला ‘फार्म’ नावाची वेगळी नोंद पाहायला सांगितले. ही नोंद काही डिस्कमध्ये ‘स्मार्ट’पासून स्वतंत्रपणे ठेवलेली असते आणि डिस्क तपासायच्या स्मार्टमॉनटूल्स या सॉफ्टवेअरच्या 7.4 आवृत्तीपासून ती वाचता येते. ‘स्मार्ट’च्या हिशेबाने माझी डिस्क जेमतेम 700 तास चालली होती, ‘फार्म’मध्ये मात्र 27,000 तासांहून अधिक आकडा होता. वर्षाचे तास होतात 8,760, म्हणजे ही ‘नवीन’ डिस्क तीन वर्षांहून अधिक काळ अहोरात्र कुठेतरी राबून आली होती. लेबलवरचा अनुक्रमांक आणि संगणकाला दिसणारा अनुक्रमांकही वेगवेगळे निघाले. हा दुसरा क्रमांक कंपनीच्या वॉरंटी तपासणीत टाकल्यावर उत्तर आले की ही डिस्क एका यंत्राचा भाग म्हणून विकली गेली असून तिची वॉरंटी थेट ग्राहकाला मिळत नाही.

असे फसणारा मी एकटा नव्हे. जर्मनीतल्या ‘हाइजे’ या तंत्रज्ञानविषयक प्रकाशनाने 2025च्या सुरुवातीला हजारो तास वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याची प्रकरणे उजेडात आणली होती, आणि त्या चिया या कूटचलनासाठी (क्रिप्टोकरन्सीसाठी) वापरून झालेल्या असाव्यात असा संशय होता. 2021 साली सुरू झालेल्या या चलनाला प्रक्रियाशक्तीऐवजी साठवणुकीची जागा लागते, त्यामुळे त्या काळात मोठ्या डिस्कची खरेदी प्रचंड वाढली होती. वापरलेली डिस्क विकण्यात मुळात काही गैर नाही. तसे सांगून विकली असती तर दुय्यम प्रत ठेवायला मीही कदाचित घेतली असती.

आता नवी डिस्क आली की पिशवी फोडण्याआधीच मी लेबलवरचा अनुक्रमांक वॉरंटीसाठी तपासतो आणि जोडल्यावर तोच क्रमांक संगणकातही दिसतो का ते पाहतो. त्यानंतर विस्तारित स्व-चाचणी लावतो. आठ टेराबाइटला तिला अर्धा दिवस किंवा त्याहून अधिक वेळ लागतो, पण ती डिस्कचा पृष्ठभाग आरंभापासून शेवटपर्यंत वाचून काढते. हे सारे डिस्क परत करण्याच्या मुदतीत उरकतो आणि ती मुदत संपेपर्यंत जुन्या डिस्कला हात लावत नाही.

विक्रेत्याने आधी मुदत संपल्याचे कारण पुढे केले. मी दोन्ही नोंदींची आणि दोन्ही अनुक्रमांकांची चित्रे पाठवल्यावर तक्रार मागे घेण्याच्या अटीवर निम्मे पैसे देऊ केले, आणि मी ते नाकारल्यावर कुठे पूर्ण रक्कम परत केली. छायाचित्रे बहुतेक वाचली. कॅसेटवरून उतरवलेल्या अकरा चित्रफिती गेल्या, आणि मूळ कॅसेट मी उतरवून झाल्यावर टाकून दिल्या होत्या. ती जाहिरात मी काल पुन्हा पाहिली. तिथे अजूनही ‘नवीन, सीलबंद’ असेच लिहिलेले आहे आणि चित्रातल्या लेबलवरचा अनुक्रमांक अंगठ्याने झाकलेला आहे.