कूलर रिपेअरिंगच्या नवीन धंद्यासाठी गुगल बिझनेस प्रोफाईल अन् व्हॉट्सॲप बिझनेस: आठ महिन्यांचा अनुभव

फेब्रुवारीत मी अन् माझ्या चुलतभावानं नागपूरच्या मानेवाड्यात घरूनच कूलर रिपेअरिंगचं काम सुरू केलं. दुकान नाही, एक ॲक्टिव्हा, दोन बॅगा, पंप, मोटरी, गवताचे बंडल, बस. हातचं काम त्याला चांगलं येते, मी फोन अन् हिशोब पाहतो, पण नवीन माणसाला गिऱ्हाईक कुठून मिळते हे दोघांनाही माहीत नव्हतं. म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही केली, ज्याचा फोन आला त्याला विचारायचं की दादा नंबर कुठून मिळाला, अन् लिहून ठेवायचं. आता ऑक्टोबर संपून राहिला, खाली जे लिहितो ते त्या वहीतूनच आहे.

गुगलवर प्रोफाईल, म्हणजे सर्चमध्ये अन् मॅपवर आपल्या धंद्याचं नाव-नंबर दिसते ते, बनवणं फुकट आहे. नाव टाकताना मित्र म्हणाले की नावातच 'बेस्ट कूलर रिपेअर मानेवाडा बेसा' असं सगळं घुसव. करू नका. बिलावर अन् बोर्डावर जे नाव तेच टाकायचा नियम आहे, नाहीतर प्रोफाईल बंद पडू शकते. दुकान नसलं तरी चालते, घराचा पत्ता लपवून फक्त कोणत्या भागात जातो ते टाकता येते. व्हेरिफिकेशनला व्हिडिओ मागितला, तो न थांबता एकाच दमात काढायचा असतो, आम्ही गल्ली, गाडी, अवजारं, बिलबुक दाखवलं अन् काही दिवसांत झालं.

चूक झाली ती एरियाची. जास्तीत जास्त २० भाग टाकता येतात, आम्ही वाडीपासून कळमन्यापर्यंत सगळे टाकून दिले. मार्चमध्ये गोधनीचा एक कॉल, मग वाडीचा, मग इकडे दिघोरी, तीन कामात दिवस गेला अन् पेट्रोलमध्ये मजुरी गेली, वरून उशीर झाला म्हणून गिऱ्हाईक नाराज. एप्रिलमध्ये कमी करून मानेवाडा, बेसा, हुडकेश्वर, मनीष नगर, नरेंद्र नगर, अयोध्या नगर एवढंच ठेवलं. कोणाला वर दाखवायचं हे ठरवताना गुगल अंतर पाहतेच, मग दूरच्या भागासाठी जीव का काढायचा. त्यानंतर एका घरचं काम चालू असताना शेजारचे काका गेटवर येऊन विचारू लागले की आमचाही पाहून देता का. वहीत सर्वात जास्त नोंदी अशाच आहेत, अन् हे मला कोणत्याच व्हिडिओत कोणी सांगितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट, अन् ही माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. लोखंडी कूलरच्या बॉडीत करंट उतरतो, विदर्भात दर उन्हाळ्यात शॉक लागून माणसं जातात, पेपरात बातमी येतेच. आम्ही ठरवलं की काम कोणतंही असो, टेस्टर लावून बॉडी अन् अर्थिंग फुकट पाहून द्यायचं, टू-पिन असली तर थ्री-पिनचं सांगायचं, पाणी भरताना प्लग काढून ठेवा हे घरच्या बायांना अन् पोरांना समोर उभं करून सांगायचं. बेस्याच्या एका काकूंच्या कूलरमध्ये खरंच करंट होता, पंपाची वायर सोललेली. त्यांना टाईप करता येत नव्हतं, म्हटलं माइकचं बटन दाबून बोला, तर त्यांनी मराठीतच सगळं बोलून रिव्ह्यू टाकला, नातू घरात रांगते हेही. पुढचे दोन महिने लोक फोनवर म्हणत, 'त्या काकूंनी लिहिलं ना, तसं आमचंही चेक करून द्या जी.' एवढ्या खऱ्या रिव्ह्यूपुढे माझी कोणतीच जाहिरात टिकली नसती.

रिव्ह्यू मागायची वेळ एकच, कूलर सुरू केला अन् थंडी हवा आली की तेव्हाच क्यूआर दाखवायचा, नंतर कोणी टाकत नाही. डिस्काउंट देऊन रिव्ह्यू घेणं नियमात बसत नाही, आम्ही घेतले नाहीत. एकदा आम्ही टाकलेला पंप चार दिवसांत बंद पडला, एक स्टार आला, त्याच संध्याकाळी जाऊन पंप बदलून दिला अन् तिथंच लिहून माफी मागितली. त्या दादांनी स्वतःहून चार स्टार केले.

व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग छान आहे, सर्व्हिसिंग, गवत बदलणं, पंप, प्रत्येकाचा रेट लिहून ठेवला की फोनवरची घासाघीस अर्धी कमी होते. ब्रॉडकास्ट, म्हणजे एकच मेसेज एकदम सगळ्यांना, मात्र एका यादीत २५६ जणांनाच जातो, अन् ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केला त्यालाच पोचतो. म्हणून पैसे घेतानाच विनंती करायची की काकू, नंबर सेव्ह करून घ्या. अन् मे महिन्यात फोन उचललाच पाहिजे, ४५ डिग्रीत कूलर बंद पडलेला माणूस दहा मिनिटं थांबत नाही, दुसऱ्याला लावते.

पैसे घेऊन धंद्याचं नाव टाकणाऱ्या एका लिस्टिंग साईटवर वर्षभराचे भरले, तो अनुभव वाईट. एकच चौकशी चार-पाच जणांना देत, आम्ही फोन करेपर्यंत काम गेलेलं. पेपरात टाकलेल्या पॅम्प्लेटवरून वहीत ११ नोंदी, खर्च निघाला नाही. खांबांवर पोस्टर लावलेच नाहीत, १९९५ चा विद्रूपीकरणाचा कायदा आहे अन् गावही घाण दिसते.

जूनच्या शेवटी फोन बंद होऊ लागले तेव्हा घाबरलो होतो. मग स्टेटसवर टाकलं की कूलरच्या साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे मच्छर तयार होतात, टाकी कोरडी करून, पुसून, कव्हर घालून देतो. जुलै त्याच्यावर निघाला, पुढे छतावरच्या पाण्याच्या टाक्यांची सफाई प्रोफाईलमध्ये जोडली, पण तिचे फोटो कमी आहेत म्हणून कॉलही कमी आहेत, ते काम सध्या चालू आहे. व्हॉट्सॲपमध्ये आतापर्यंत १३८ घरांना 'फेब्रुवारीत फोन' असं लेबल लावून झालं, संक्रांत झाली की पहिला फोन बेस्याच्या काकूंना करणार आहे.