शिक्षकांचं संगणक कौशल्य तपासणारी साधनं: सेल्फी फॉर टीचर्स, नॉर्थस्टार आणि प्रत्यक्ष काम

शिक्षकांना संगणक कितपत येतो हे तपासायचं ठरलं की बहुतेक ठिकाणी पहिला हात जातो तो जुन्या प्रश्नपत्रिकेकडे. सीपीयू म्हणजे काय, एक जीबी म्हणजे किती एमबी, कॉपीचा शॉर्टकट कोणता. शंभरपैकी नव्वद गुण घेणारे शिक्षक दुसऱ्या दिवशी वर्गाच्या निकालाची फाइल उघडतात, एकच रकाना सॉर्ट करतात आणि नावं एकीकडे, गुण दुसरीकडे अशी गत होते. म्हणून इथे तीन पर्यायांचं परीक्षण करताना एकच कसोटी लावली आहे: तपासणीत पास झालेली व्यक्ती सोमवारी सकाळी स्वतःचं काम कोणाला न विचारता पुरं करू शकेल का?

पहिलं साधन सेल्फी फॉर टीचर्स. युरोपीय आयोगाने २०२१ मध्ये आणलेलं हे मोफत ऑनलाइन साधन डिजकॉम्पएज्यु या शिक्षकांच्या डिजिटल क्षमतांच्या २०१७ च्या आराखड्यावर बेतलेलं आहे. त्या आराखड्यात ६ क्षेत्रं आणि २२ क्षमता आहेत आणि भाषाशिक्षणातल्या ओळखीच्या पद्धतीने ए१ (सर्वांत खालची) पासून सी२ (सर्वांत वरची) पर्यंत सहा पायऱ्या. सेल्फीमध्ये याचे ३२ मुद्दे केले आहेत. प्रत्येक मुद्द्याखाली चढत्या क्रमाची विधानं असतात आणि आपल्याला लागू पडेल ते आपण निवडायचं. शेवटी पातळी सांगणारा आणि पुढे काय शिकावं हे सुचवणारा अहवाल मिळतो. सगळं नीट वाचून उत्तरं द्यायची तर अर्धा तास तरी बाजूला ठेवावा.

यातली सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे विधानं बटणांबद्दल नसून अध्यापनाबद्दल आहेत. डिजिटल साहित्य निवडताना त्याचा परवाना पाहता का, मुलांच्या प्रतिसादाची आकडेवारी पाहून पुढचा तास बदलता का, हे प्रश्न दहा वर्षांनीही शिळे होणार नाहीत. शिक्षकांनी एकत्र बसून भरलं आणि नंतर त्यावर बोललं, तर प्रशिक्षणाचा आराखडा तिथेच उभा राहतो.

पण हे आत्मपरीक्षण आहे, परीक्षा नाही, हे विसरलं की गडबड होते. ज्यांना थोडं येतं ते स्वतःला वरची पायरी देतात, कारण पुढे काय काय असतं याची त्यांना कल्पनाच नसते. ज्यांना बरंच येतं ते हात आखडता घेतात. आणि हा अहवाल वरिष्ठांकडे जाणार, वार्षिक मूल्यमापनात धरला जाणार असं कळलं, की सगळेच बी२ च्या वर जाऊन बसतात. सेल्फीचा निकाल नेमणूक, बढती किंवा सक्तीच्या प्रशिक्षणासाठी वापरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. दुसरी उणीव अशी की अगदी तळाची कौशल्यं इथे गृहीतच धरली आहेत. डाउनलोड केलेली फाइल कुठे गेली हेच ज्यांना सापडत नाही, त्यांना ३२ मुद्द्यांचा काही उपयोग नाही.

ती तळाची पायरी नॉर्थस्टार पाहतं. अमेरिकेतल्या लिटरसी मिनेसोटा या संस्थेचं हे साधन मुळात प्रौढ शिक्षणासाठी आहे, खास शिक्षकांसाठी नाही. विषयवार वेगवेगळ्या चाचण्या आहेत: संगणकाची मूलभूत ओळख, इंटरनेट, ईमेल, विंडोज, वर्ड, एक्सेल, माहितीची पारख वगैरे. काही प्रश्न बहुपर्यायी, तर बरेचसे पडद्यावरच्या नकली खिडकीत क्लिक करून सोडवायचे. घरी बसून कोणीही चाचणी देऊ शकतो. प्रमाणपत्र हवं असेल तर मान्यताप्राप्त केंद्रात देखरेखीखाली बसावं लागतं आणि ८५ टक्के गुण लागतात. अहवालात कुठलं कौशल्य जमलं आणि कुठलं नाही हे एकेक करून दिसतं. आमच्या मते एकूण टक्क्यांपेक्षा ही यादीच मोलाची आहे.

नकली खिडकीची अडचण मात्र अशा सगळ्याच चाचण्यांना चिकटलेली आहे. खऱ्या संगणकावर फाइल जतन करायचे चार रस्ते असतात: मेनू, चिन्ह, कंट्रोल-एस आणि क्लाउडवर असाल तर काहीच न करणं, कारण ती आपोआप जतन होते. नकली खिडकीत चाचणी बनवणाऱ्याने ठरवलेलाच रस्ता चालतो. त्यामुळे अनुभवी माणूस चुकतो आणि नवखा माणूस चाचपडत बरोबर जागी क्लिक करून गुण मिळवतो. त्यात सॉफ्टवेअरचा चेहरामोहरा बदलला की पडद्याचं चित्र जुनं होतं आणि उत्तर येत असूनही जागा सापडत नाही. नॉर्थस्टारचा वापर चाळणी म्हणून करा. पहिल्याच दोन-तीन चाचण्यांत अडखळणाऱ्यांना वेगळी, सावकाश शिकवणी द्या. त्यापलीकडचा निर्णय तिच्यावर सोडू नका.

दोन्ही साधनं मराठीत नाहीत, ही अडचण नुसती भाषांतराची नाही. मराठीतून काम करणाऱ्याला लागणारी काही कौशल्यं त्यात मुळातच नाहीत. युनिकोडमध्ये (सगळ्या यंत्रांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरसंकेतात) टाइप करणं, जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य का दिसतो हे ओळखणं, आणि मराठी नावांची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) एक्सेलमध्ये धड उघडणं. शेवटचं काम साधं वाटतं, पण फाइलवर दोनदा क्लिक केलं की अनेकदा नावांच्या जागी विचित्र चिन्हांची रांग येते. फाइल खराब झालेली नसते. ती यूटीएफ-८ या युनिकोडच्या संकेतपद्धतीत असते आणि एक्सेल ती दुसऱ्याच संकेतपद्धतीने वाचतं. उपाय असा: रिकामं वर्कबुक उघडायचं, डेटा टॅबमध्ये 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' निवडायचं आणि फाइल ओरिजिनमध्ये '६५००१ : युनिकोड (यूटीएफ-८)' घ्यायचं. नावं जशीच्या तशी येतात. चिन्हांची रांग दिसताच ती फाइल तशीच जतन करणारे शिक्षक मूळ नावं गमावू शकतात.

म्हणून आमची पसंती तिसऱ्या पर्यायाला: प्रत्यक्ष कामाचा नमुना. तो विकत मिळत नाही, स्वतः तयार करावा लागतो. त्याला एक दुपार जाते, पण मग कितीतरी वर्षं चालतो.

सामग्री एवढीच: ३० काल्पनिक विद्यार्थ्यांची यादी, तीन चाचण्यांचे गुण, पालकांचे काल्पनिक ईमेल पत्ते आणि एक पानभर सूचना. खऱ्या मुलांची माहिती चुकूनही वापरू नये. यादीत मुद्दाम चुका पेरायच्या. एक नाव दोनदा, दोघे गैरहजर, एका मुलाचे गुण चुकून कमालपेक्षा जास्त, आणि काही गुण '८/१०' अशा रूपात वेगळ्या कागदावर, ते शिक्षकांनी स्वतः भरायचे.

हा '८/१०' म्हणजे सगळ्या नमुन्यातला सर्वांत बोलका भाग. सेलमध्ये तसं टाइप करून एंटर दाबलं की एक्सेल त्याची तारीख करतं. यंत्राच्या सेटिंगप्रमाणे ८ ऑक्टोबर किंवा १० ऑगस्ट. मग घाईघाईने सेलचं स्वरूप बदलून 'टेक्स्ट' केलं की पाच आकडी संख्या दिसते, कारण एक्सेल तारखा १९०० पासूनच्या दिवसांची मोजणी म्हणून साठवतं. मूळ '८/१०' तोवर गेलेलं असतं. इथे तीन प्रकारचे लोक दिसतात. काही जण तारीख पाहूनही पुढे जातात. काही जण थांबून सेल आधी 'टेक्स्ट' करून पुन्हा भरतात, म्हणजे निदान चूक त्यांना दिसली. आणि काही जण मिळालेले गुण एका रकान्यात आणि कमाल गुण दुसऱ्या रकान्यात घेतात, म्हणजे पुढे बेरीज-टक्केवारी करायची आहे हे त्यांच्या डोक्यात आधीपासून असतं. एवढ्या एका सेलवरून जे कळतं ते वीस बहुपर्यायी प्रश्नांतून कळत नाही.

गैरहजर मुलांचंही तसंच. ॲव्हरेज हे सूत्र रिकामे सेल आणि अक्षरं सोडून देतं, पण शून्य मात्र हिशोबात धरतं. गैरहजर मुलासमोर ० लिहिलं तर वर्गाची सरासरी खाली येते, 'गैरहजर' असं लिहिलं तर येत नाही. शाळेचा नियम काहीही असो, आपण जे लिहिलं त्याचा परिणाम शिक्षकांना सांगता आला पाहिजे. सॉर्ट करतानाही हेच पाहावं. एक्सेलमध्ये एकच रकाना निवडला तर निवड वाढवायची का असं ते विचारतं. 'आहे तीच निवड ठेवा' म्हटलं की नावं आणि गुण वेगळे होतात. गूगल शीट्समध्ये 'सॉर्ट शीट' ओळी एकत्र ठेवतं, तर एकच रकाना निवडून 'सॉर्ट रेंज' केलं की तेवढाच रकाना हलतो.

बाकीची कामं थोडक्यात: यादी दुरुस्त करून ओळखू येईल अशा नावाने ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवणं, पालकांना एकच ईमेल पाठवणं पण कोणाचा पत्ता दुसऱ्याला दिसू नये म्हणून सगळे बीसीसीमध्ये घालणं, सूचनापत्राची पीडीएफ करणं, आणि क्लाउडवरच्या दस्तऐवजात मुद्दाम पुसलेला परिच्छेद व्हर्जन हिस्टरीतून (जुन्या आवृत्त्यांच्या नोंदीतून) परत आणणं.

लिंक देण्याचं काम मात्र बारकाईने तपासावं, कारण खऱ्या नुकसानाची जागा तीच आहे. शिक्षकांना सांगायचं: गुणांची फाइल एकाच सहकाऱ्याला फक्त पाहण्यासाठी द्या. 'लिंक असलेला कोणीही' आणि 'संपादक' ही जोडी निवडली गेली तर मुलांचे गुण ज्याच्या हाती लिंक पडेल तो बदलू शकतो. तपासण्याची रीत सोपी आहे. तीच लिंक इन्कॉग्निटो विंडोमध्ये, लॉगिन न करता उघडायची. फाइल उघडली तर परवानगी चुकली. हे स्वतःहून करून पाहणाऱ्या शिक्षकांना आम्ही पूर्ण गुण देऊ, मग बाकी कुठे वेळ का लागला असेना.

एकूण वेळ ४५ मिनिटं पुरते. गुण मार्गाला नाहीत, फलिताला. प्रत्येक कामाला स्वतः केलं तर २, शोधून किंवा मदतीचं पान वाचून केलं तर तेही २, कोणाला विचारून केलं तर १, झालं नाही तर ०. शोधून केलेल्याला पूर्ण गुण का, असा प्रश्न हमखास येतो. मेनूची जागा पाठ असणं हे कौशल्य पुढच्या अपडेटला मोडीत निघतं. काय शोधायचं हे कळणं आणि सापडलेलं उत्तर आपल्या आवृत्तीला लागू आहे का हे ओळखणं मात्र टिकतं.

तपासणी फसते ती बहुधा तांत्रिक कारणांनी. रोज लॅपटॉप वापरणाऱ्याला अनोळखी डेस्कटॉपवर बसवलं, कळफलकाची मांडणी वेगळी निघाली, सगळ्यांना एकच लॉगिन दिलं आणि एकाच्या फाइलवर दुसऱ्याने लिहिलं, किंवा नेट गेलं. प्रत्येकाला वेगळं खातं द्या, फाइलची प्रत ऑफलाइन ठेवा आणि शक्य तर ज्याचं त्याचं यंत्र वापरू द्या. जे शिक्षक सगळं काम फोनवर करतात त्यांना ईमेल, पीडीएफ आणि लिंकची कामं फोनवर करू द्यावीत, पण गुणांची फाइल मात्र संगणकावरच.

तंत्रज्ञान बदलतं तेव्हा नमुन्याचं काय करायचं? वर्षातून एकदा कामं तीन ढिगांत लावावीत. फाइल सांभाळणं, प्रत ठेवणं, खाजगीपण जपणं हा पहिला ढीग, तो तसाच राहतो. मेनू आणि चिन्हांवर टेकलेल्या सूचना दुसरा, त्यांची भाषा फलिताची करून घ्यावी. तिसरा ढीग कालबाह्य झालेल्या कामांचा, तो काढून टाकायचा. फ्लॅशवर (वेबपानांवर ॲनिमेशन चालवणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरवर) चालणारं साहित्य वापरण्याचा प्रश्न अजून कुठे उरला असेल तर तो आधी काढा, फ्लॅशचा आधारच ३१ डिसेंबर २०२० ला संपला. 'पासवर्ड दर किती दिवसांनी बदलावा' हा तर चुकीचं शिकवणारा प्रश्न झाला आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत ठरावीक मुदतीने सक्तीने पासवर्ड बदलायला लावू नये असं म्हटलं, कारण लोक मग शेवटचा आकडा तेवढा वाढवतात. त्या जागी लांब, वेगळा पासवर्ड आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून दाखवा असं काम ठेवावं.

कृत्रिम बुद्धिमत्तेची भर आता टाळता येणार नाही. युनेस्कोने २०२४ मध्ये शिक्षकांसाठी जो आराखडा दिला त्यात ५ पैलू आणि १५ क्षमता आहेत. तो वाचण्याजोगा आहे, पण मूलभूत तपासणीत एवढं सगळं कोंबू नये. दोन कामं पुरेत. यंत्राने तयार केलेली दहा प्रश्नांची उत्तरसूची द्या, त्यात दोन उत्तरं चुकीची ठेवा आणि शिक्षकांनी ती पाठ्यपुस्तकाशी ताडून शोधावीत. दुसरं, एका विद्यार्थ्याच्या प्रगतीवरची टिपणी चॅटबॉटकडून सुधारून घ्यायला सांगा आणि मजकूर टाकण्यापूर्वी मुलाचं नाव, हजेरी क्रमांक, घरची माहिती काढली जाते का ते पाहा.

फेरतपासणी महिन्याभराने, आणि फक्त जिथे ० किंवा १ मिळाले त्याच कामांची. कामं तीच ठेवावीत, पण यादी नवी आणि पेरलेल्या चुका वेगळ्या जागी.