फ्री डिश, जुना टीव्ही आणि एक स्टिक: दहा महिने आणि एका पावसाळ्यानंतर

गेल्या मे महिन्यात घरातलं डीटीएच बंद केलं. महिन्याला साडेतीनशेच्या आसपास रिचार्ज जायचा. एवढ्या वाहिन्यांपैकी आई पाहायची चार, मी बातम्यांची एक, मुलगा एकही नाही. बिल नीट वाचलं तेव्हा कळलं, की त्यातले 130 रुपये नुसतं नेटवर्क शुल्क, त्यावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे एकही सशुल्क वाहिनी घेतली नाही तरी 153 रुपये 40 पैसे जाणारच. त्याच संध्याकाळी ठरवलं, की डीडी फ्री डिश बसवायचं, 2016 चा 32 इंची टीव्ही तसाच ठेवायचा आणि इंटरनेटवरचं पाहायला त्याला एचडीएमआयची स्टिक लावायची.

छत्री, एलएनबी (छत्रीपुढचा, सिग्नल पकडणारा डबा), एमपेग-4 चा (चित्र दाबून पाठवायच्या नव्या पद्धतीचा) बॉक्स, वायर आणि बसवायची मजुरी धरून 2,150 रुपये झाले. पुढे वायरीचं काम पुन्हा करावं लागलं, त्याचे 640. स्टिक सेलमध्ये 2,800 ला मिळाली. नवा 43 इंची टीव्ही घ्या असं घरी येणारा प्रत्येक जण सांगत होता. सप्टेंबर 2025 मध्ये 32 इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला तेव्हा तर फारच आग्रह झाला. पण आमची बैठकीची खोली दहा बाय अकराची आहे, टीव्हीचं पॅनेल उत्तम आहे. चालू वस्तू मोडीत का काढायची?

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. फ्री डिश ही प्रसार भारतीची सेवा, डिसेंबर 2004 पासून चालू आहे. महिन्याचं भाडं शून्य. खासगी वाहिन्या लिलावात जागा विकत घेतात, म्हणून ती यादी बदलत राहते. आज दिसणारी वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असं नाही. बॉक्स घेताना एमपेग-4 चाच घ्या. जुन्या एमपेग-2 च्या बॉक्सवर अर्ध्या गोष्टी दिसत नाहीत आणि दुकानदार शंभर-दोनशे कमी लावून तोच गळ्यात मारायला बघतात. काही नव्या टीव्हींत सॅटेलाइट ट्यूनर आतच असतो. तसा टीव्ही असेल तर छत्रीची वायर थेट टीव्हीला लावून बघा, बॉक्सचे पैसे वाचू शकतात.

आता मुख्य गोष्ट. दहा महिने वापरल्यावर माझं ठाम मत झालंय, की फ्री डिश चांगलं चालणार की नाही हे बॉक्सच्या कंपनीवर ठरत नाही. ते छत्री, वायर आणि वायरीच्या टोकांच्या दोन पिनांवर ठरतं. शंभर रुपये जास्त घालायचे असतील तर तिथे घाला.

बसवणारे दादा मे महिन्यात आले, वीस मिनिटांत छत्री लावून गेले. चित्र लखलखीत. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि टीव्हीवर 'नो सिग्नल'. आम्ही कऱ्हाडचे, पावसाची सवय आहे. केयू बँडचे, म्हणजे डीटीएच ज्या लहरींवर येतं त्यांचे, सिग्नल जोरदार पावसात अडतात हेही वाचलं होतं, त्यामुळे पहिले दोन दिवस मी निर्धास्त होतो. पण तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं तरी सिग्नल आलाच नाही. गच्चीवर जाऊन बघतो तर मध्येच वायर जोडलेली, दोन तारांना पीळ मारून वर काळी टेप. टेप सोडली तर आतून पाण्याचे थेंब गळाले. एलएनबीच्या पिनेतली मधली तार हिरवी पडली होती. त्या वायरीतून नुसता सिग्नल खाली येत नाही, एलएनबीला लागणारे 13 किंवा 18 व्होल्टही त्याच वायरीतून वर जातात. विजेच्या तारेत पाणी शिरलं की तांबं कुजणारच.

तेव्हापासून माझा साधा नियम आहे. पावसात सिग्नल जाऊन पाऊस ओसरला की दहा-पंधरा मिनिटांत परत येत असेल, तर तो आभाळाचा दोष, त्यावर इलाज नाही. पाऊस थांबूनही येत नसेल तर वायर बघा. बॉक्स दुकानात न्यायची घाई करू नका. मी आधी बॉक्सच नेला होता आणि दुकानात तो व्यवस्थित चालला.

मग बाजारातून आरजी-6 (छत्रीसाठीची जाड) वायर आणली, गच्चीपासून टीव्हीपर्यंत सलग एकच तुकडा, मध्ये कुठेही जोड नाही. पिना पिरगळून बसवायच्या नव्हे, दाबून बसवायच्या घेतल्या. एलएनबीच्या तोंडाशी रबरासारखी ताणली जाणारी पाणीरोधक टेप गुंडाळली. आणि खिडकीतून आत शिरण्याआधी वायरीला खाली एक झोळ दिला, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी त्या झोळाच्या टोकाला ठिबकून जातं, घरात येत नाही. हे सगळं मिळून 640 रुपये आणि एक रविवार. त्यानंतर जुलै-ऑगस्टच्या मुसळधार पावसात सिग्नल गेला तो मोजून सात-आठ वेळा, आणि प्रत्येक वेळी पाऊस उतरताच आला.

वायर बदलताना छत्री हलली, ती पुन्हा जुळवावी लागली. हा भाग लोकांना उगाच अवघड वाटतो. उपग्रह जीसॅट-15, तो 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे आमच्याकडून आग्नेयेला आणि क्षितिजापासून जवळपास साठ अंश वर. गंमत अशी, की छत्री दिसायला तेवढी वर तोंड करून नसते. एलएनबी खालच्या बाजूला कलता असल्यामुळे छत्री जिथे बघतेय असं वाटतं त्याहून बरंच वर बघत असते. त्यामुळे शेजारच्या गच्चीवर त्याच उपग्रहाची छत्री असेल तर आधी तिचा कल नजरेत धरा, मग बारीक जुळवा.

मी वर गच्चीत, मुलगा खाली टीव्हीवरच्या सिग्नलच्या आकड्यांपुढे, दोघांत फोन चालू.

"क्वालिटी किती?"

"बाबा, शून्य. स्ट्रेंग्थ ऐंशी दाखवतंय."

स्ट्रेंग्थवर जाऊ नका, एलएनबीला वीज मिळाली की ती दिसतेच. बघायची ती क्वालिटी. छत्री करंगळीच्या नखाएवढी सरकवायची, तीन सेकंद थांबायचं, विचारायचं. बॉक्सला आकडा दाखवायला वेळ लागतो, घाई केली की बरोबर जागा हातातून निसटते. अर्ध्या तासाने खालून "बाबा, एकोणसाठ! थांबा, हलवू नका!" असा आवाज आला. बोल्ट आवळले आणि खांबावर व क्लॅम्पवर मिळून मार्करने एक आडवी रेघ मारली. वाऱ्याने छत्री फिरली तर रेघ तुटलेली दिसेल. ऑक्टोबरमधल्या वादळी पावसानंतर ती खरंच फिरली होती, आणि रेघ जुळवली तेवढ्यानेच चित्र परत आलं.

काय दिसतं, काय नाही? सह्याद्री आहे, आईच्या सकाळची सोय झाली. विविध भारतीसह आकाशवाणीच्या वाहिन्या आहेत, त्या आम्ही टीव्हीपेक्षा जास्त ऐकतो. मुलासाठी पीएम ई-विद्याच्या इयत्तावार वाहिन्या आहेत. गणिताचे काही तास त्याने मन लावून पाहिले. आणि क्रिकेट आहे. 2007 च्या कायद्यामुळे भारताच्या एकदिवसीय आणि टी-20 सामन्यांचा सिग्नल प्रसार भारतीला द्यावाच लागतो, आणि 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तो फक्त दूरदर्शनच्या जमिनीवरील (साध्या अँटेनाच्या) प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवता येतो. जुन्या डीटीएचवर दूरदर्शन लावलं की सामन्याऐवजी पाटी का यायची, हे कोडं मला तेव्हा सुटलं. आयपीएल मात्र या कायद्यात बसत नाही, ती आशा ठेवू नका.

स्टार प्रवाह, झी मराठी अशा सशुल्क वाहिन्या फ्री डिशवर नाहीत. आणि इथे माझ्याकडून एक गोष्ट चुकली. मी पैशाचा हिशोब सगळा केला, आईला विचारलंच नाही. पहिले दोन आठवडे ती संध्याकाळी साडेसातला शेजारच्या काकूंकडे जाऊन बसायची. मला वाटलं, गप्पा मारायला जाते. एक दिवस मुलाने सांगितलं, आजी तिची मालिका बघायला जाते. मला फार वाईट वाटलं. सत्तरी ओलांडलेली बाई स्वतःच्या घरातला टीव्ही सोडून दुसऱ्याच्या घरी बसते, ते माझ्या साडेतीनशे रुपयांपायी! त्याच रात्री मालिकांच्या अ‍ॅपचं वर्षभराचं सबस्क्रिप्शन घेतलं. ते जुन्या रिचार्जच्या तीन महिन्यांएवढं पडलं. तुमच्या घरी कोणाची रोजची मालिका असेल, तर हा खर्च पहिल्या दिवसापासून हिशोबात धरा.

स्टिक आली आणि दोन रिमोट झाले, त्यात टीव्हीचा तिसरा. आई गोंधळून जायची आणि तसं सांगायची नाही, नुसता टीव्ही बंद ठेवायची. शेवटी तिच्याच टिकल्यांचं पाकीट घेतलं. तिन्ही रिमोटच्या चालू-बंदच्या बटणावर लाल टिकली, टीव्हीच्या रिमोटवर एचडीएमआय बदलायच्या बटणावर हिरवी, स्टिकच्या रिमोटवर मधल्या गोल बटणावर मरून. "आधी लाल, मग हिरवी, मग मरून," असं ती आता काकूंना शिकवते. मरून टिकली बोटाने घासून दोनदा बदलावी लागली, लाल अजून तशीच आहे.

स्टिकबद्दल दोन गोष्टी. ती टीव्हीच्या यूएसबीवर चालवू नका. जुन्या टीव्हीच्या यूएसबीला साधारण अर्धाच अँपिअर मिळतो, आमची स्टिक दर अर्ध्या तासाने आपोआप बंद-चालू व्हायची. सोबतचा चार्जर भिंतीत लावला, प्रश्न मिटला. दुसरं म्हणजे टीव्हीच्या पाठीमागे भिंतीला चिकटून ती तापते आणि वायफाय पकडत नाही. पाकिटातला एचडीएमआयचा छोटा जोडतुकडा लावून ती बाहेर काढा आणि शक्य असेल तर वायफायच्या 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जोडा.

सबस्क्रिप्शनचा प्लॅन निवडताना स्वतःच्या टीव्हीचं पॅनेल बघा. आमचा टीव्ही 1366 बाय 768 ठिपक्यांचा आहे. त्याला 4के तर सोडाच, फुल एचडीचे पैसे भरूनही काही जास्त दिसणार नाही. नेटफ्लिक्सचा 199 चा बेसिक प्लॅन 720पी, म्हणजे 720 ओळींचं चित्र देतो, तो या पॅनेलला चपखल बसतो. 149 चा मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालत नाही, तो चुकून घेऊ नका. आम्ही दहा महिन्यांत चारच महिने घेतला, मुलाच्या सुट्ट्या बघून. घेतल्या दिवशीच ऑटोपे रद्द करतो. महिना पूर्ण मिळतो आणि पुढचे पैसे जात नाहीत. मधल्या महिन्यांत प्रसार भारतीचं वेव्ह्ज आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात सुरू झालेलं हे अ‍ॅप बहुतांश फुकट आहे आणि दूरदर्शनच्या जुन्या मालिका त्यावर आहेत. अ‍ॅप जरा हळू चालतं, पण आई आणि मी रविवार दुपार त्यावर सुखाने घालवतो.

आवाजाचं सांगायचं राहिलं. सपाट टीव्हीचे स्पीकर बहुधा मागच्या किंवा खालच्या बाजूला असतात, आवाज भिंतीवर आपटून येतो. आईला संवाद कळायचे नाहीत म्हणून ती आवाज पस्तीसवर न्यायची, मुलाचा अभ्यास बंद. कपाटात पडलेला संगणकाचा जुना स्पीकर टीव्हीच्या हेडफोनच्या खाचेला पाच मीटरची वायर लावून आईच्या खाटेच्या उशाशी ठेवला. वायरीला 180 रुपये लागले. आता तिला हळू आवाजातही प्रत्येक शब्द कळतो. या सगळ्या खटाटोपात सर्वांत कमी पैशात सर्वांत जास्त सुख देणारी वस्तू तीच.

विजेचंही बघा. टीव्ही पन्नास वॅटचा, रोज सहा तास, म्हणजे महिन्याला 9 युनिट. बॉक्स आठ वॅट धरा, पण चोवीस तास चालू राहिला तर तोही पावणेसहा युनिट खातो. रात्री भिंतीवरचा खटका बंद करायची सवय लावली.

हिशोब सरळ आहे. फ्री डिशचे आणि वायरीचे 2,790 रुपये जुन्या रिचार्जच्या हिशोबाने आठ महिन्यांत फिटले. स्टिक, नेटफ्लिक्सचे चार महिने आणि मालिकांचं अ‍ॅप धरलं तर अजून वसूल व्हायचे आहेत, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत होतील. मालिकांची गरज नसलेल्या घरात, गावाकडच्या घरात, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलांना मी डोळे झाकून फ्री डिश सांगेन. एचडी चित्राचा आग्रह असेल तर सांगणार नाही. बऱ्याचशा वाहिन्या साध्या दर्जाच्या आहेत आणि मोठ्या टीव्हीवर ते डोळ्यांना टोचतं.

मेच्या शेवटी, पाऊस लागायच्या आधी, एलएनबीची टेप सोडून पिन आतून बघणार आहे. तार हिरवी नसेल तर तीच पिन ठेवून नवी टेप गुंडाळायची, असेल तर वीतभर वायर कापून नवी पिन बसवायची. त्यासाठी झोळात दोन हात वायर जास्तीची सोडून ठेवली आहे.