रकाने जुळवायचे: विममधून ‘कॉलम’ की ईमॅक्सचं ‘अलाइन-रेगएक्स्प’?

स्पेसबार बडवत रकाने सरळ करणं एकदा ठीक आहे. चाळीस ओळी झाल्या की बोटं कुरकुरतात.

विम या टेक्स्ट एडिटरमध्ये ओळी निवडून त्या युनिक्सच्या ‘कॉलम’ आज्ञेकडे ‘टी’ पर्याय लावून पाठवल्या, की काम क्षणात होतं. पण ती प्रत्येक मोकळ्या जागेवर ओळ तोडते. साध्या आकड्यांच्या तक्त्याला हे उत्तम. कोडमध्ये मात्र बरोबरच्या चिन्हापुढचे शब्दही विस्कटतात, वर सुरुवातीचं इंडेंटेशन, म्हणजे ओळीआधीची मोकळी जागा, गायब. ‘एस’ पर्यायाने वेगळं विभाजक चिन्ह देता येतं, पण मग आउटपुटमधून ते चिन्हच उडतं!

ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरची ‘अलाइन-रेगएक्स्प’ आज्ञा फक्त तुम्ही सांगितलेल्या खुणेपाशी जुळवते, बाकी ओळीला हात लावत नाही. एक खोड आहे: ‘इंडेंट-टॅब्स-मोड’ चालू असेल तर ती मधे टॅब घुसवते. तो आधी बंद करा.

कोडसाठी माझं मत ईमॅक्सला, लॉग फायलींसाठी ‘कॉलम’ला. देवनागरी मजकुराला मात्र दोन्ही फसतात, कारण काना आणि जोडाक्षरांची मोजलेली रुंदी पडद्यावरच्या रुंदीशी जुळेलच असं नाही.