दहा महिने, हजारो पाने: विज्ञान-तंत्रज्ञानाच्या इतिहासाची ऑनलाइन साधने वापरल्यानंतर

अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या हातून आम्ल सांडले, त्यांनी दुसऱ्या खोलीतील सहकाऱ्याला मदतीसाठी हाक मारली आणि ती हाक तारेवरून ऐकू गेली, ही गोष्ट बहुतेकांप्रमाणे मीही शाळेत ऐकली होती. दहा महिन्यांपूर्वी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर बेल यांची प्रयोगवही मी उघडली ती एवढ्या एका गोष्टीची खातरजमा करण्यासाठी. १० मार्च १८७६ च्या नोंदीत उपकरणाची आकृती आहे, त्या सहकाऱ्याला, म्हणजे वॉटसन यांना, बोलावणारे ते प्रसिद्ध वाक्य आहे, आणि वॉटसन येऊन ‘ऐकू आले आणि समजलेही’ असे म्हणाल्याचा आनंदही टिपलेला आहे. सांडलेले आम्ल मात्र कुठेच नाही. ते आले वॉटसन यांच्या आत्मचरित्रातून, जे १९२६ मध्ये, म्हणजे घटनेनंतर पन्नास वर्षांनी प्रसिद्ध झाले.

त्याहून मोलाचा मजकूर पुढच्या काही ओळींत आहे. दोघांनी जागा बदलल्या, वॉटसन एका पुस्तकातील उतारे वाचू लागले, आणि बेल यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले की आवाज मोठा होता पण घुसमटलेला होता. उतारा आधी वाचलेला असता तर शब्द न् शब्द ओळखला असता, तसा तो नसल्याने अर्थ लागला नाही. ज्या पेटंटमुळे बेल हे टेलिफोनचे जनक ठरले ते १,७४,४६५ क्रमांकाचे पेटंट ७ मार्चला, म्हणजे या नोंदीच्या तीन दिवस आधीच मंजूर झाले होते. वहीचे पान आणि पेटंटचा मजकूर शेजारी-शेजारी उघडून ठेवल्यावर हे अंतर जसे डोळ्यांत भरते, तसे ते कोणत्याही तयार लेखात भरत नाही. त्या दिवसापासून प्रत्येक साधनाला मी एकच कसोटी लावत आले: एखाद्या विधानापासून मूळ पानापर्यंत जाता येते का, आणि मधल्या वाटेवर कोणी काय बदलले आहे हे तिथे सांगितलेले असते का.

या कसोटीवर सर्वांत वर राहिली ती संपादित हस्तलिखितांची संकेतस्थळे. न्यूटन यांची हस्तलिखिते १९३६ च्या लिलावात विखुरली गेली; किमयाशास्त्राची बरीचशी अर्थतज्ज्ञ केन्स यांनी हळूहळू गोळा केली, तर धर्मविषयक मोठा भाग आज इस्रायलच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या न्यूटन प्रोजेक्टने हा पसारा वाचनापुरता तरी एका ठिकाणी आणला आहे. तिथे एकच मजकूर दोन रूपांत वाचता येतो. एका रूपात खोडलेले शब्द, ओळीच्या वर घातलेली भर आणि जुने शब्दलेखन जसेच्या तसे ठेवलेले असते. दुसऱ्यात तोच मजकूर वाचण्याजोगा नीटनेटका केलेला असतो. सुरुवातीला मी नीटनेटकेच रूप वाचत असे. दोनेक महिन्यांनी सवय उलटली, कारण माणूस विचार कुठे बदलतो ते खोडलेल्या शब्दांतच दिसते. न्यूटन यांनी धर्मशास्त्रावर किती प्रचंड लेखन केले आहे हे आकड्यांतून कळते, पण ते ओळीओळीने वाचताना थकायला होते, आणि तो थकवाही काहीतरी शिकवून जातो.

डार्विन यांचा पत्रव्यवहार हे माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत घडीव काम आहे. १९७४ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प तीस खंडांपर्यंत गेला आणि पंधरा हजारांहून अधिक पत्रांपर्यंत वाचकाला विनामूल्य पोहोचता येते. त्यात डार्विन यांनी लिहिलेली पत्रे आहेत, तशीच त्यांना आलेलीही आहेत, त्यामुळे संवादाची दुसरी बाजू ऐकू येते. ११ जानेवारी १८४४ रोजी वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र हूकर यांना लिहिलेल्या पत्रात, प्रजाती अपरिवर्तनीय नाहीत असे वाटू लागल्याचे सांगणे म्हणजे खुनाची कबुली देण्यासारखे आहे, असे डार्विन कंसात लिहितात. हे वाक्य हजार ठिकाणी उद्धृत केलेले सापडते. पण त्याच पत्रात वनस्पती आणि बेटांविषयी केवढ्या चौकश्या आहेत हे पूर्ण पत्र वाचल्याशिवाय समजत नाही.

या संकेतस्थळाची संपादकीय शिस्त एका उदाहरणावरून सांगते. निसर्गअभ्यासक वॉलेस यांचा, आपल्याच सिद्धान्ताशी जुळणारा निबंध हाती पडल्यावर डार्विन यांनी भूशास्त्रज्ञ लायल यांना जे व्याकूळ पत्र लिहिले, त्याच्या तारखेतील महिना आणि वर्ष चौकोनी कंसात दिलेले आहे. याचा अर्थ पत्रावर फक्त १८ हा आकडा आहे; जून १८५८ हा संपादकांनी इतर पुराव्यांवरून काढलेला निष्कर्ष आहे. डार्विन यांना ते टपाल नेमके कधी मिळाले यावर अभ्यासकांत आजही वाद होतो आणि त्या वादात हा कंस फार महत्त्वाचा ठरतो. वॉलेस यांचे निबंधासोबतचे मूळ पत्र तर उरलेलेच नाही. इतर अनेक ठिकाणी हीच तारीख मला कंसाशिवाय, अगदी ठामपणे छापलेली आढळली.

आता मोठ्या स्कॅन-भांडारांकडे वळते. इंटरनेट अर्काइव्ह, हाथीट्रस्ट, फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे गॅलिका आणि जीवविज्ञानाच्या जुन्या ग्रंथांसाठी बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी ही माझी रोजची ठिकाणे झाली. रॉयल सोसायटीचे ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे १६६५ मध्ये सुरू झालेले नियतकालिक. त्याचे सत्तर वर्षांहून जुने लेख २०११ पासून सर्वांना खुले आहेत, आणि एवढ्या एका निर्णयाने घरबसल्या वाचणाऱ्याचे जग बदलले. मात्र या भांडारांत शोध घेणे ही एक स्वतंत्र विद्या आहे. अठराव्या शतकातील इंग्रजी छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला ‘एस’ लांब दांडीचा असे आणि यंत्र तो ‘एफ’ म्हणून वाचते; त्यामुळे मिठाचा ‘सॉल्ट’ शोधायला जावे तर यंत्राच्या मजकुरात तो ‘फॉल्ट’ होऊन बसलेला असतो. पहिले दोन महिने ‘काही सापडले नाही’ हे उत्तर मी खरे मानत होते. आता दोन्ही प्रकारे शोधते, आणि तरीही अनुक्रमणिकेचे पान डोळ्यांनी चाळते.

याहून खोल अडचण शब्दांची आहे. प्रीस्टली यांनी १ ऑगस्ट १७७४ रोजी भिंगाने ऊन एकवटून पाऱ्याच्या भस्मातून जो वायू मिळवला, त्यावरचा १७७५ चा लेख ‘ऑक्सिजन’ असे टाइप करून मिळणार नाही, कारण तो शब्द लाव्हाझिए यांनी नंतर घडवला. प्रीस्टली त्याला फ्लॉजिस्टन (जळताना पदार्थातून बाहेर पडते असे तेव्हा मानले जाणारे द्रव्य) काढून घेतलेली हवा म्हणतात आणि त्याच नावाने तो शोधावा लागतो. ‘सायंटिस्ट’ हा इंग्रजी शब्दच १८३४ मध्ये पहिल्यांदा छापला गेला, तेव्हा त्याआधीच्या पुस्तकांत तो शोधण्यात अर्थ नाही. आजचे शब्द घेऊन जुन्या काळात गेलेला माणूस रिकाम्या हाताने परततो, हे मला या भांडारांनी वेळ खर्ची पाडून शिकवले.

दिनदर्शिकेचा घोळही याच जातीचा आहे. गॅलिलिओ वारले त्याच वर्षी न्यूटन जन्मले हे वाक्य फार लोकप्रिय आहे, पण ते जमवण्यासाठी मृत्यू नव्या (ग्रेगोरियन) आणि जन्म जुन्या (ज्युलियन) दिनदर्शिकेने मोजावा लागतो. एकाच मापाने मोजले तर गॅलिलिओ ८ जानेवारी १६४२ रोजी गेले आणि न्यूटन ४ जानेवारी १६४३ रोजी जन्मले. चांगले साधन तारखेपुढे कोणती दिनदर्शिका ते लिहिते. बाकीची लिहीत नाहीत.

तंत्रज्ञानाच्या इतिहासासाठी पेटंटचे शोधयंत्र फार उपयोगी पडते, पण ते जपून वापरावे लागते. पेटंट हा वकिली दस्तऐवज असतो. त्यात हक्काची हद्द आखलेली असते, कारखान्यात यंत्र प्रत्यक्ष कसे चालले हे नसते. एडिसन यांच्या नावावर अमेरिकेत १,०९३ पेटंटे आहेत, आणि ती नुसती मोजून काही हाती लागत नाही. रटगर्स विद्यापीठाच्या एडिसन पेपर्स प्रकल्पातील वह्या आणि पत्रे सोबत ठेवली, तर प्रयोगशाळेत किती माणसांचे हात एका नावाखाली राबत होते ते दिसू लागते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: डिसेंबर १८३६ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाला आग लागली आणि त्याआधीच्या सुमारे दहा हजार पेटंटांचे कागद जळाले. त्यातील थोडेच परत मिळवता आले, तेव्हा त्या काळापुरती शोधयंत्राची शांतता म्हणजे शोधांचा अभाव नव्हे.

पडद्यावरच्या प्रतिमेवर किती विसंबावे, याचे उत्तर मला मिशिगन विद्यापीठाच्या प्रकरणातून मिळाले. गुरूच्या चंद्रांची निरीक्षणे नोंदवलेले गॅलिलिओ यांचे एक हस्तलिखित तिथल्या ग्रंथालयाचे भूषण मानले जात होते. इतिहासकार निक वाइल्डिंग यांना शंका आली, त्यांनी कागदातील जलचिन्हाची चौकशी केली, आणि तो कागद १७७० च्या आधीचा असू शकत नाही असे निघाले. गॅलिलिओ १६४२ मध्येच वारले होते. २०२२ मध्ये विद्यापीठाने स्वतःच ते हस्तलिखित बनावट असल्याचे जाहीर केले. समोरून प्रकाश टाकून काढलेल्या साध्या छायाचित्रात जलचिन्ह सहसा दिसत नाही; त्यासाठी कागदामागून प्रकाश सोडावा लागतो. तेव्हापासून मी कोणत्याही संग्रहात आधी कागद, बांधणी आणि पूर्वीचे मालक यांची नोंद आहे का ते पाहते, आणि ती नसेल तर सुंदर प्रतिमेचेही फार कौतुक करत नाही.

विसाव्या शतकासाठी मुलाखतींचे संग्रह आहेत, आणि अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्सचा संग्रह त्यांत अग्रणी आहे. पुंज भौतिकीच्या इतिहासासाठी विज्ञानाचे इतिहासकार टॉमस कून आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांच्याशी केलेल्या बैठकींपैकी शेवटची १७ नोव्हेंबर १९६२ ची आहे. दुसऱ्याच दिवशी बोर यांचे निधन झाले. अशा मुलाखती वाचताना बेल आणि वॉटसन आठवतात. पन्नास वर्षांनंतरची आठवण ही पन्नास वर्षांनंतरचीच असते, आणि चांगला मुलाखतकार मधेच जुने पत्र पुढे करून तिला तपासून पाहतो.

एक उणीव सगळीकडे जाणवते. जे सहज सापडते ते बहुतांशी युरोप-अमेरिकेचे, आणि त्यातही पत्रे जपून ठेवणाऱ्या घरांतल्या माणसांचे. ब्रिटिश लायब्ररीतील अरबी वैज्ञानिक हस्तलिखिते दाखवणारी कतार डिजिटल लायब्ररी २०१४ मध्ये खुली झाली, आणि ‘इंडियन जर्नल ऑफ हिस्टरी ऑफ सायन्स’चे १९६६ पासूनचे लेखन आहे, त्यामुळे वाट अगदीच बंद नाही. पण लोहार, काचकाम करणारे, उपकरणे घडवणारे यांच्या हाताची अक्षरे जवळपास कुठेच भेटत नाहीत. संदर्भसूचीसाठी आयसिससीबी हे विनामूल्य साधन मला उशिरा सापडले. ते आधी सापडते तर निम्मी भटकंती वाचली असती. गणितज्ञांच्या चरित्रांसाठी सेंट अँड्र्यूज विद्यापीठाचे मॅकट्यूटर पुरेसे आहे आणि त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

तक्रारी दोनच. एका संकेतस्थळाने मधेच आपली रचना बदलली आणि माझ्या टिपणवहीतील साठेक दुवे एका रात्रीत निकामी झाले. काही पाने जुनी वेबपाने साठवून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनवर मिळाली, बरीच नाही. आता मी दुव्याबरोबर संग्रहाचे नाव, हस्तलिखिताचा क्रमांक आणि पान लिहून ठेवते. दुसरी तक्रार एका सशुल्क अभ्यासक्रमाची: त्यात दर प्रकरणाला एक प्रतिभावंत, एक क्षण आणि एक दिवा पेटल्याचे चित्र होते, संदर्भ एकही नव्हता. तिसऱ्या प्रकरणानंतर मी तो सोडून दिला.

त्या अभ्यासक्रमामुळे व्हिडिओ या प्रकारावरच माझी फुली पडली होती, ती एकोणिसाव्या शतकातील इंग्रज गणितज्ञ बॅबेज यांच्या गणनयंत्राने पुसली. बॅबेज यांनी १८४७ ते १८४९ या काळात आखलेले डिफरन्स इंजिन क्रमांक २ लंडनच्या सायन्स म्युझियमने त्यांच्याच आराखड्यांवरून बांधले. गणन करणारा भाग १९९१ मध्ये पूर्ण झाला आणि छपाईचा भाग २००२ मध्ये. आराखड्यांची स्कॅन केलेली पाने मी आठवडाभर पाहत होते आणि हातचा पुढच्या अंकाकडे कसा जातो हे काही केल्या उमजत नव्हते. मग यंत्र चालतानाचे चित्रण पाहिले. माणूस दांडा फिरवतो, आणि स्तंभांच्या मागचे धातूचे हात एकामागून एक, जिन्याच्या पायऱ्यांसारखे, वळत वर जातात. प्रत्येक अंक आपल्या खालच्या अंकाचा निकाल लागेपर्यंत थांबतो. मी ते चित्रण थांबवले, आराखड्याचे पान पुन्हा उघडले, आणि आठवडाभर नुसती नक्षी वाटलेली ती तिरकी रांग या वेळी ओळखू आली.