टेली-मानस १४४१६ : दुसऱ्याच्या काळजीने केलेल्या फोनचा अनुभव

केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेविषयी मी लिहीत आहे ते रुग्ण म्हणून नव्हे, तर एका मुलाचा मामा म्हणून. ज्याला जगणे नकोसे झाले आहे त्यानेच १४४१६ हा क्रमांक फिरवायचा असतो, असा समज मीही बाळगून होतो. प्रत्यक्षात ज्याला दुसऱ्याच्या जिवाची काळजी लागली आहे त्यानेही तो फिरवावा, आणि माझ्या मते या सेवेचा उपयोग तिथे सर्वात जास्त आहे. हा अभिप्राय मुख्यतः तेवढ्यासाठीच लिहीत आहे.

माझा भाचा पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहून, राज्यसेवेची तयारी करतो. गेल्या पावसाळ्यात पूर्वपरीक्षेचा निकाल तिसऱ्यांदा विरोधात गेला, त्यानंतर त्याचे फोन कमी झाले आणि आम्ही सर्वांनी तो पुन्हा अभ्यासाला लागला असेल असे समजून समाधान करून घेतले. एका रात्री साडेदहाच्या सुमारास त्याचा मेसेज आला. ‘मामा, माझी पुस्तके आणि नोट्स रूममधल्या मुलाला देऊन टाकल्या आहेत. आईला सांभाळा.’ मी बार्शीत, तो दोनशे किलोमीटर दूर, आणि माझी बहीण गावाकडे एकटी. ‘आईला सांभाळा’ या शब्दांपेक्षा मला जास्त घाबरवले ते पुस्तके देऊन टाकण्याने, कारण त्या पुस्तकांना तो कोणाला हातही लावू देत नसे.

घरातल्या जुन्या कात्रणावर एका संस्थेच्या मदतवाहिनीचा क्रमांक होता. तो आधी लावला, तेव्हा कार्यालयीन वेळेत संपर्क साधावा असा ध्वनिमुद्रित संदेश ऐकू आला. त्यानंतर १४४१६ लावला. सुरुवातीला भाषा निवडायला सांगितले जाते. मराठी निवडल्यावर काही वेळाने एका समुपदेशक बाईंचा आवाज आला आणि त्यांनी माझे नाव विचारण्याआधी मुलगा आत्ता कुठे आहे, हे विचारले. नाव सांगणे बंधनकारक नसते, हे मला नंतर कळले. फोनला पैसे पडत नाहीत आणि ही सेवा रात्रंदिवस चालू असते.

त्यांचे प्रश्न नेमके होते. तो या क्षणी एकटा आहे का, त्याच्या खोलीत किंवा शेजारी कोण आहे आणि त्या व्यक्तीचा क्रमांक माझ्याकडे आहे का, त्याने यापूर्वी कधी असा प्रयत्न केला होता का, तो दारू घेतो का, त्याच्याशी माझे शेवटचे बोलणे कधी आणि कशावर झाले, असे एकेक विचारत त्यांनी माझा थरकाप बराच खाली आणला. मी ओट्यावर पडलेल्या लाइट बिलाच्या पाठीवर उत्तरे आणि सूचना लिहीत होतो. ते बिल अजून माझ्याकडे आहे. त्यावर सर्वात वर, दोनदा अधोरेखित केलेले वाक्य आहे : ‘सरळ विचारा.’

मी त्याला काय विचारणार, असे त्यांनी मला विचारले तेव्हा मी म्हणालो, ‘कसा आहेस, जेवलास का, असे विचारीन.’ त्या म्हणाल्या, तेही विचारा, पण त्यानंतर आत्महत्येविषयी स्पष्ट शब्दांत विचारा. असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल ही भीती मी बोलून दाखवली. ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते, आणि ती चुकीची आहे असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट जे कोणाला सांगता येत नव्हते ते बोलण्याची वाट मोकळी होते. त्यांनी ते वाक्य माझ्याकडून फोनवर म्हणवून घेतले. ‘तुझ्या मनात जीव संपवण्याचे विचार येत आहेत का?’ पहिल्या वेळी मला ‘जीव’ या शब्दापुढे जाता आले नाही. त्यांनी घाई केली नाही. तिसऱ्या वेळी वाक्य पूर्ण झाले.

काय बोलू नये हेही त्यांनी सांगितले, आणि ते ऐकताना आपण आयुष्यभर नेमके हेच बोलत आलो आहोत हे माझ्या लक्षात आले. ‘आईचा विचार कर’, ‘लोकांना याहून मोठी संकटे आहेत’, ‘एवढ्याशा परीक्षेसाठी?’ ही वाक्ये प्रेमापोटीच येतात, पण ऐकणाऱ्याच्या डोक्यावर अपराधाचे आणखी एक ओझे ठेवतात. कोणाला सांगणार नाही असे वचनही देऊ नका, असे त्यांनी बजावले, कारण ते पाळता येणार नाही आणि पाळूही नये. खोलीतल्या मुलाला विश्वासात घेऊन रात्रभर जवळ थांबायला सांगा, जिवाला अपाय करता येईल असे काही आसपास असेल तर ते त्याला हलवायला लावा, आणि धोका अगदी समोर दिसला तर ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा, असा क्रम त्यांनी मला लावून दिला.

मग मी भाच्याला फोन केला. ते वाक्य विचारले. बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज येत राहिला, आणि मग तो म्हणाला, ‘हो मामा.’ त्यानंतर चाळीस मिनिटे तो बोलला आणि मी, जो कुटुंबात सल्ले देण्यासाठीच ओळखला जातो, तो जवळपास गप्प राहिलो. खोलीतला मुलगा त्याच्या शेजारी पहाटेपर्यंत जागा होता. मी पहिल्या एसटीने निघालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला टेली-मानसकडून विचारपूस करणारा फोन आला. एखादी सरकारी सेवा आपण होऊन परत फोन करते याचे मला आश्चर्य वाटले, आणि त्या फोनमुळेच पुढची दिशा मिळाली. त्यांनी पुण्यातल्या ससून या सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात दाखवण्याचे सुचवले, आणि भाच्याशी स्वतंत्रपणे बोलून त्याच्याकडून एका कागदावर त्याचा स्वतःचा सुरक्षा आराखडा लिहून घेतला. मन खचू लागल्याची त्याला स्वतःला जाणवणारी पहिली चिन्हे कोणती (त्याने लिहिले, ‘मेसचा डबा उघडावासा वाटत नाही’), तेव्हा तो एकट्याने काय करू शकतो, कोणत्या ठिकाणी जाऊन बसू शकतो, कोणाला फोन करील, डॉक्टर आणि मदतवाहिनीचे क्रमांक कोणते, आणि खोली सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी कोणाची, एवढे त्यात आहे. त्या कागदाचा फोटो त्याच्या, माझ्या आणि खोलीतल्या मुलाच्या मोबाइलमध्ये आहे. औषधे सुरू आहेत. चांगले आणि वाईट दिवस आलटून पालटून येतात.

ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्य क्षेत्रातील राष्ट्रीय संस्था तिची मुख्य मार्गदर्शक आहे. पहिल्या पातळीवर राज्यांतील केंद्रांमध्ये प्रशिक्षित समुपदेशक फोन घेतात, आणि गरज भासल्यास पुढच्या पातळीवर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, वैद्यकीय महाविद्यालये किंवा ई-संजीवनी या सरकारच्या ऑनलाइन वैद्यकीय सल्ला सेवेद्वारे तज्ज्ञ डॉक्टर यांच्याशी जोडून देतात. वीस भाषांत बोलता येते. १४४१६ लागत नसल्यास १८००-८९१-४४१६ हा दुसरा क्रमांक आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केल्या, त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील होते, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. त्या वर्षीच्या नोंदींत विद्यार्थी १३,०४४ होते. हे आकडे मी पूर्वीही वाचले असतील, पण तेव्हा त्यांत मला कोणाचा चेहरा दिसत नव्हता.

माझ्या बहिणीला सर्वात मोठी भीती पोलीस केसची होती, आणि म्हणूनच ती डॉक्टरकडे न्यायला आधी तयार नव्हती. ही भीती अनेक घरांत उपचार लांबवते, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन यांची जबाबदारी सरकारवर आहे. जुन्या दंड संहितेतील, आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे कलम ३०९ हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ठेवलेलेच नाही. आणि भाच्याने तर प्रयत्नही केलेला नव्हता, त्याने फक्त मदत मागितली होती.

मर्यादाही सांगायला हव्यात. फोनवरचा समुपदेशक दाराशी येऊ शकत नाही, त्यामुळे त्या रात्री खोलीतला मुलगा नसता तर केवळ फोनने भागले नसते. चार कॉट असलेल्या खोलीत राहणाऱ्या मुलाला मोकळेपणाने बोलायला जागा नसते. समुपदेशकांशी बोलण्यासाठी भाच्याला प्रत्येक वेळी जिना उतरून पार्किंगमध्ये जाऊन उभे राहावे लागले. ज्यांना बोलण्यापेक्षा लिहिणे सोपे जाते त्यांच्यासाठी मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवा ईमेल आणि चॅटवरूनही चालते, आणि पुण्यात कनेक्टिंग ट्रस्टचे प्रशिक्षित स्वयंसेवक सल्ला न देता केवळ ऐकून घेण्याचे काम करतात. गरजेनुसार एकाहून अधिक दारे ठोठवावीत. माझी खरी तक्रार या सेवेविषयी नाही, तर ती कोणाला माहीत नसण्याविषयी आहे. भाच्याच्या गल्लीत मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज आणि रिकाम्या कॉटच्या जाहिरातींनी विजेचे खांब भरलेले आहेत. दोन दिवस मी त्या गल्लीतून फिरलो आणि १४४१६ हे आकडे मला एकाही भिंतीवर दिसले नाहीत.

महिन्याभरानंतर मी पुन्हा एकदा तिथे फोन केला, या वेळी स्वतःसाठी. मोबाइलची स्क्रीन उजळली की छातीत धस्स होत असे आणि मध्यरात्री उठून मी भाच्याचा ‘लास्ट सीन’ पाहत बसत असे. फोन उचलणाऱ्या बाई वेगळ्या होत्या, तरी भाच्याची चौकशी झाल्यावर त्यांनी मला विचारले की हे सगळे मी कोणाशी बोललो आहे का. कोणाशीच बोललो नव्हतो. त्या रात्री फोन ठेवला तेव्हा बारा वाजून गेले होते, आणि मी बायकोला उठवून तिला पहिल्यांदा सर्व सांगितले.